हाडांची गोष्ट : भाग ५ – टाचेची सोनोग्राफी

बोदवडला बाजाराच्या दिवशी 'हाडांची मोफत तपासणी' असा फलक लागला की रांग लागतेच. मागे अशाच एका रांगेत थांबलो होतो. पुढच्या आजींनी चप्पल काढली, भेगाळलेली टाच पुढे केली आणि जेल लावणाऱ्या मुलाला विचारलं, "पोटाची सोनोग्राफी ऐकली होती बापा, टाचेची कसली करतो?" मुलगा नुसता हसला. प्रश्न मात्र बिनतोड होता.

या यंत्रात चित्र दिसत नाही. टाचेच्या एका बाजूने ध्वनिलहर सोडायची, दुसऱ्या बाजूला ती पकडायची, एवढंच. लहर किती वेगाने आली आणि वाटेत किती क्षीण झाली, हे मोजलं जातं. टाचेचं हाड आतून अनारशासारखं जाळीदार असतं, आणि वयोमानाने हाड झिजतं ते आधी अशा जाळीतच. जाळी विरळ झाली की लहरीचा वेग घटतो. गंमत म्हणजे ती क्षीणही कमी होते, कारण तिला अडवायला आत फारसं काही उरलेलंच नसतं. ही दुसरी मोजणी ब्रिटनमधल्या लँग्टन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडली. पुढे फ्रान्समध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या साडेपाच हजारांहून अधिक बायकांच्या टाचा तपासल्या. ज्यांचे आकडे कमी, त्यांचं खुब्याचं हाड जास्त मोडलं. तो अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे यंत्र खोटं बोलत नाही. घोळ होतो तो चिठ्ठीपाशी.

चिठ्ठीवर हिरवा, पिवळा, लाल पट्टा असतो आणि 'टी-स्कोअर', म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, लिहिलेला असतो. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवली खरी, पण ती क्ष-किरणांच्या डेक्सा तपासणीची. टाचेच्या आकड्याला ती जशीच्या तशी लावता येत नाही. एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी जुळेलच असंही नाही. पायाला सूज असली किंवा पाय तापलेला असला, तरी मोजणी हलते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो; उन्हातून आल्या आल्या पाय यंत्रात घालण्यापेक्षा घटकाभर सावलीत टेकलेलं बरं.

यंत्र लहान, उचलून कुठेही नेता येणारं; त्यात किरणोत्सर्ग नाही. गावोगावी चाळणी लावायला ते चांगलंच. पण चाळणीवर कोणी दळण दळत नाही. नुसत्या लाल पट्ट्यावर महिनोन्महिन्यांच्या गोळ्या सुरू करणं मला पटत नाही, आणि हिरव्या पट्ट्यावर निर्धास्त होणं तर मुळीच नाही. गोळ्यांनी फरक पडला का, हे पाहायलाही ही तपासणी उपयोगाची नाही.

त्या आजींना कोणी विचारलं नाही, पण मनगट दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून मोडल्याचं त्या स्वतःच रांगेत सांगत होत्या. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, ही खूण चिठ्ठीवरच्या कुठल्याही रंगापेक्षा बोलकी. आईचा खुबा मोडला होता का, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालल्या का, उंची घटली का, हेही तितकंच मोलाचं.

तेव्हा शिबिरातली चिठ्ठी फेकू नका. तिच्या पाठीमागे या चार प्रश्नांची उत्तरं लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि डेक्साची गरज आहे का, ते विचारा. आणि मोरीतली ओली फरशी आजच खरखरीत करून घ्या.