कामाकुराचा क्षितिगर्भ

आमच्या रुग्णालयातील नवजात शिशू विभागासाठी काही यंत्रसामग्री निवडावयाची होती. त्या निमित्ताने २०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही चौघे इंदूरहून टोकियोला गेलो. आमचे भूलतज्ज्ञ, एक ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ बाई, रुग्णालयाचे व्यवस्थापक आणि मी. बालरोगतज्ज्ञाला तो प्रवास थोडासा तीर्थयात्रेसारखाच वाटावा. पल्स ऑक्सिमीटरचे मूळ तत्त्व ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले ते जपानमध्येच, आणि तेत्सुरो फुजिवारा यांनी अपुऱ्या दिवसांच्या दहा बाळांना सर्फॅक्टंट देऊन त्याचा गुण १९८० साली जगापुढे ठेवला तोही तिथूनच. कामाचे दिवस प्रात्यक्षिके आणि दरपत्रके यांत संपले. रविवार, १७ तारीख, मोकळी होती. यजमान कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कामाकुरा सुचविले. टोकियोहून आगगाडीने तासाभराची वाट. व्यवस्थापकांनी माळव्यातली शेव बरोबर घेतली होती, त्यामुळे शिदोरीचा प्रश्न उरला नाही.

कामाकुरा ही बाराव्या शतकाच्या अखेरीस लष्करी राजवटीची राजधानी झालेली नगरी. त्सुरुगाओका हाचिमान हे तिथले मुख्य शिंतो देवस्थान. तिथे पोहोचलो तर सारा परिसर रंगीबेरंगी किमोनो घातलेल्या मुलांनी फुललेला! 'शिचि-गो-सान', म्हणजे सात-पाच-तीन, हा मुलांचा सण. तीन, पाच आणि सात वर्षांची मुले नटवून देवाला आणावयाची आणि त्यांच्या हाती दीर्घायुष्याची लांब साखरकांडी द्यावयाची. सण १५ नोव्हेंबरचा, पण नोकरदार आईबाप जवळचा रविवार साधतात. एक तीन वर्षांची बाई लाकडी चपला काढून फेकीत होती आणि आजोबा त्या निमूटपणे गोळा करीत होते. हे दृश्य आपल्याकडच्या कोणत्याही मुंजीत शोभले असते.

सात वर्षांपर्यंत मूल देवाघरचे, पुढे माणसांचे, अशी तिथली जुनी समजूत यजमानांनी सांगितली. हिचा अर्थ मला निराळा सांगावा लागला नाही. १९४७ साली जपानमध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ७६.७ अर्भके वर्षाच्या आत दगावत. आज हा आकडा दोनच्याही खाली आहे. आपल्या देशाचा २०२० चा आकडा २८ आणि आमच्या मध्य प्रदेशाचा ४३, सर्व राज्यांत सर्वाधिक. देवळाच्या दगडी जिन्याशेजारी शतकानुशतके उभा असलेला गिंको वृक्ष १० मार्च २०१० रोजी वादळात कोसळला. त्याच्या बुंध्यातून आलेले कोवळे फुटवे कुंपण घालून जपले आहेत. आमच्या भूलतज्ज्ञांनी लगेच, "हा आयसीयू," असे नामकरण केले.

जगप्रसिद्ध महाबुद्ध आम्ही पाहिला. न पाहून कसे चालेल? अकरा मीटरांहून उंच, १२५२ च्या सुमारास घडविण्यास प्रारंभ झालेली कांस्यमूर्ती, शेकडो वर्षे उघड्या आकाशाखाली बसलेली. पण त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, आणि तिथल्या गर्दीत छायाचित्रांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

माझे पाय थबकले ते तिथून चालत दहा मिनिटांवर असलेल्या हासे-देरा या डोंगरउतारावरील मंदिरात. आत नऊ मीटरांहून उंच अशी अकरा मुखांची काष्ठमूर्ती आहे. जपानी तिला कान्नोन म्हणतात. हा आपलाच अवलोकितेश्वर. मुंबईजवळ कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात तो अकरा मुखांनिशी उभा आहे. खाली एका गुहेत बेंझायतेन आहे, म्हणजे सरस्वती. इतके आप्त भेटल्यावर परदेश कसला?

वर चढताना मध्येच एक छोटी देवडी लागते. तिच्याभोवती ओळीने शेकडो करड्या दगडी मूर्ती. वीतभर उंच, मुंडन केलेल्या, मिटल्या डोळ्यांच्या, सर्व सारख्या. एखाद्या मूर्तीच्या गळ्यात लाल लाळेरे. हा जिझो, म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, मृत बालकांचा सांभाळ करणारा. परलोकीच्या नदीकाठी ही मुले खड्यांचे मनोरे रचतात, राक्षस ते पाडतात, आणि जिझो मुलांना आपल्या झग्याच्या बाहीत लपवितो, अशी कथा आहे. गर्भपात झालेले, मृत जन्मलेले किंवा पाडलेले मूल म्हणजे 'मिझुको', जलबालक. त्याच्या आईबापांनी ही मूर्ती अर्पण करावयाची.

दोन वर्षांखालील मूल आपण पुरतो. त्याला तिलांजली नाही, श्राद्ध नाही, पितरांत जागा नाही. घरातली वडीलधारी माणसे सुनेला रडू देत नाहीत. पुन्हा कूस उजवेल म्हणतात. त्या हेतूत क्रौर्य नाही, परंतु दुःखाला टेकावयास ओटाही नाही. क्षितिगर्भ हे नाव आपल्या भाषेतले. जिच्या उदरात आपण ही मुले ठेवतो तीच ती क्षिती. देव मात्र आपण परदेशी धाडला आणि विसरलो!

या प्रथेचे मी सरसकट गुणगान करणार नाही. १९७० नंतर काही मंदिरांनी जलबालकाच्या कोपाची भीती घालून पैसा केला, अशी टीका जपानमध्येच झाली आहे, आणि ती मला रास्त वाटते. शिवाय गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ साली कायदा करावा लागलेल्या देशातील आम्ही डॉक्टर. आपल्याकडे अशी देवडी बांधली तर तीत बहुतेक मूर्ती मुलींच्या असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, आपण केसपेपरवर जी-३, पी-२, एल-१ लिहितो ना? त्या दोन आणि एकच्या मधे हे बसलेले असतात." चाळीस वर्षांच्या वैद्यकीत हजारो वेळा त्यांनी लिहिलेली ती अक्षरे. मी काहीच बोललो नाही.

यंत्रे यथावकाश आली. त्यांबरोबर आमच्या विभागात आणखी एक पद्धत सुरू झाली. बाळ दगावले तर नळ्या काढून, पुसून, दुपट्यात गुंडाळून, आईची इच्छा असेल तर ते तिच्या मांडीवर द्यावयाचे. आणि आईबापांनी नाव सांगितले तर कागदावर 'बेबी ऑफ' न लिहिता ते नाव लिहावयाचे. पुष्कळ कुटुंबे नको म्हणतात. आम्ही आग्रह करीत नाही. देवासकडच्या एका खेड्यातील आजीबाईंनी प्रथम हात जोडून नकार दिला, आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. बाळाच्या मनगटावरची नावाची पट्टी कापून ट्रेमध्ये पडली होती. तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, ही मी नेली तर चालेल का?"