गोल हुकला, पण खेळाडू दिसला!

मॅचमध्ये तुम्ही काय बघता? बॉलच ना? कोचिंग शिकायला इंग्लंडला येईपर्यंत माझंही तेच होतं.

परवा इंग्लंडच्या मॅचला पहिल्यांदा वेम्ब्लीत गेलो. ९० हजारांचं स्टेडियम! बाहेर पुतळा बॉबी मूरचा, १९६६चा वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन. खेळायचा कुठे? डिफेन्समध्ये!

सरांनी बजावलं होतं, बॉल विसर, फक्त लेफ्ट बॅककडे बघ. गोल झाला, सगळे उठले, माझा हुकला. पण तो लेफ्ट बॅक सारखा मान वळवून मागची जागा राखताना दिसला.

कोल्हापुरात ‘बॉलला पायच लावत नाही’ म्हणून एका पोराला मी बाहेर बसवलं होतं. तोही हेच करायचा.

पुढच्या मॅचला दहा मिनिटं बॉल सोडून बघाच. मी आधी त्या पोराला फोन लावतो.