कोळसा उगाळू नका, तापवा!

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ असे म्हणून आपण कोळशाची बोळवण करतो. ही म्हण ज्याने काढली त्याने कोळसा नुसता उगाळून पाहिला असावा. हवा न लागू देता तापवून पाहिला नसावा. नाहीतर या काळ्या दगडाच्या पोटात पाणी आहे, डांबर आहे आणि दिवा पेटवणारा वायूही आहे, हे त्याच्या ध्यानात आले असते.

सतराव्या शतकात इंग्लंडात जॉन क्लेटन नावाचा एक पाद्री होता. भांड्यात कोळसा तापवून निघालेला वायू तो जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवी आणि पाहुणे आले की पिशवीला टाचणी टोचून बाहेर येणारा झोत मेणबत्तीवर पेटवून दाखवी. ही करमणूक पुढे धंद्याला लागली. १७९२ साली विल्यम मर्डॉकने कॉर्नवॉलमधील आपल्या घरात याच वायूचे दिवे लावले. आपल्या मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरात काही रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले, तेव्हा दिवे पेटवीत जाणाऱ्यांच्या मागून बघ्यांची झुंबड निघाली होती!

हा वायू निघतो तरी कसा? आपला लोणारी लाकडे रचतो, वर माती लिंपतो आणि आतल्या आत ती धुमसू देतो. हवा बेताची मिळाल्यामुळे लाकूड जळून खाक न होता त्याचा कोळसा होतो. दगडी कोळसाही असाच कोंडून तापवला म्हणजे त्याचे रेणू तुटतात. हलके तुकडे वायुरूपाने पळतात आणि मागे कोक उरतो. शास्त्रज्ञ याला भंजक ऊर्ध्वपातन म्हणतात. नाव अवजड असले तरी गोष्ट सोपी आहे.

मात्र सगळे पाहुणे एकदम घराबाहेर पडत नाहीत. शंभर अंश सेंटिग्रेडच्या पुढेमागे ओलावा जातो. ३५० ते ४०० अंशांना कोक होण्याजोगा कोळसा मऊ पडू लागतो. ५०० अंशांपर्यंत डांबराच्या वाफांचा जोर असतो, आणि त्यांच्याबरोबरच मिथेनही निघू लागतो. ६००-७०० अंशांच्या पुढे हायड्रोजनची पाळी येते. म्हणून ज्याला डांबर अधिक हवे तो आच मंद ठेवतो. पोलादाच्या कारखान्यातील कोकभट्टी मात्र हजार अंशांवर नेतात; तिथल्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो. एक टन कोळशामागे सुमारे तीनशे घनमीटर वायू आणि पाऊण टनाच्या आसपास कोक मिळतो.

पण मग एक कोडे पडते. दोन खाणींचे कोळसे सारख्याच वजनाचे घेतले, एकाच भट्टीत एकाच आचेवर ठेवले, तरी वायू निराळा का निघतो? याचे एक कारण म्हणजे कोळसे मूळचेच निरनिराळे असतात. दुसरे कारण आपण राख म्हणून ज्याचा तिटकारा करतो, त्या खनिजांत आहे.

कोळशात मिसळलेली चिकणमाती ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान आपल्यात बांधलेले पाणी सोडते. सोन्यासारखा चमकणारा पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचे खनिज, ५०० अंशांच्या आसपास फुटतो. त्यातले गंधक हायड्रोजनशी लग्न लावते आणि कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड जन्मतो. चुनखडी ७०० अंशांच्या पुढे कार्बन डायॉक्साइड टाकते. हा वायू तापलेल्या कोकशी भिडला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तो जळतो खरा, पण त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणसाचा जीव घ्यायला तो पुरेसा आहे.

चुनखडीतून उरलेला चुनाही स्वस्थ बसत नाही. तो गंधकाचा वायू धरून ठेवतो आणि डांबराच्या जड वाफा फोडून त्यांचा हलका वायू करायला हातभार लावतो. लोखंडाची संयुगेही या कामी मध्यस्थी करतात. विशेष असे की, जुन्या गॅस कारखान्यांत वायूची दुर्गंधी काढण्यासाठी तो आधी चुन्यावरून आणि पुढे लोखंडाच्या ऑक्साइडवरून नेत. बाहेर माणूस जे करीत होता, ते कोळशाच्या पोटात थोडेबहुत आपोआपच चालले होते! याची पारख करायची तर आम्लात धुऊन खनिजे काढलेला आणि न धुतलेला असे एकाच कोळशाचे दोन नमुने शेजारी शेजारी तापवतात. निघालेल्या वायूंतला फरकच खनिजांची करणी सांगतो.

आपल्या देशाला हा फरक जिव्हाळ्याचा आहे. आपल्या पुष्कळशा कोळशात राख शेकडा ३० ते ४० असते, आणि ती दगडात अशी बारीक मुरलेली असते की धुऊनही पुरती जात नाही. पोलादासाठी लागणारा उत्तम कोळसा मुख्यतः झरियाच्या खाणींत सापडतो. वायू निघून जातो, पण राख कोकमध्येच राहते; झोतभट्टीत तिचा मळ करून काढायला जादा चुनखडी आणि जादा कोक खर्ची पडतो. म्हणूनच पोलादासाठी लागणाऱ्या कोळशाचा मोठा भाग आपण आजही परदेशांतून, विशेषतः ऑस्ट्रेलियातून, आणतो. कोणता कोळसा किती धुवावा, कशात मिसळावा, किती तापवावा, हे हिशेब म्हणजे नुसती प्रयोगशाळेतली करमणूक नव्हे; त्यांत देशाचा पैसा गुंतला आहे आणि भट्टीवर काम करणाऱ्यांचे प्राणही.

तेव्हा पुढच्या वेळी कोळशाला काळा म्हणण्यापूर्वी थोडे थांबा. त्याचा रंग उगाळून कळेल, पण गुण तापवल्यावरच कळतात. आणि त्या गुणांत, आपण टाकाऊ समजतो त्या मातीचाही वाटा असतो.