ॲशचं झाड, जीवघेणी बुरशी आणि फेसबुकवरचा एक गेम

मोबाईल गेम म्हणजे टाइमपास असं आपल्याला घरी ऐकावं लागतं. पण 2013 मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिचच्या सेन्सबरी लॅबोरेटरीने फेसबुकवर ‘फ्रॅक्सिनस’ नावाचा गेम आणला होता. त्यात रंगीत पानांच्या ओळी जुळवायच्या. प्रत्येक पान म्हणजे डीएनएमधलं एक अक्षर. काही ठिकाणी नमुना ओळखण्यात माणसाचा डोळा कॉम्प्युटरच्या पुढे जातो, म्हणून ही युक्ती!

फ्रॅक्सिनस हे ॲश झाडाचं शास्त्रीय नाव. (ॲशेस मालिकेतली राख वेगळी बरं का. पण क्रिकेटचे स्टंप्स मात्र पूर्वापार याच लाकडाचे.) 1992 मध्ये पोलंडमध्ये ही झाडं शेंड्याकडून वाळताना दिसली, 2012 मध्ये ब्रिटनमध्येही. कारण एक बुरशी. ती मूळची पूर्व आशियातली. तिथल्या ॲशला तिची सवय आहे, युरोपातल्या ॲशला नाही. वाऱ्यावर आलेले बीजाणू पानावर बसतात, बुरशी देठातून फांदीत शिरते आणि साल मारते.

तरीही त्याच जंगलात एखादं झाड हिरवंगार उभं असतं. का? मला हा प्रश्न सगळ्यात भारी वाटतो.

2016 मध्ये ॲशचा पूर्ण जीनोम वाचला गेला. मग 2019 च्या अभ्यासात 1,250 झाडं घेतली. निरोगी झाडांचा डीएनए एकत्र, आजारी झाडांचा एकत्र, आणि दोन्हींची तुलना. फरक निघाला तब्बल 3,149 जागांवर! म्हणजे इथे ‘तो एक जीन’ असा हिरो नाहीच. फोनची बॅटरी टिकवायला एकच जादूचं बटण नसतं ना? ब्राइटनेस, लोकेशन, बॅकग्राउंड ॲप्स, सगळ्यांतून थोडं थोडं वाचतं. तसंच हे. अमेरिकेत चेस्टनटला वाचवायला गव्हाचा एक जीन घालून पाहिलाय, पण ॲशचं गणित वेगळं आहे.

याचा उपयोग काय? रोप लहान असतानाच पानाचा तुकडा घेऊन डीएनएवरून अंदाज बांधता येतो की हे टिकेल की नाही. नाहीतर झाड मोठं व्हायची वाट बघत बसा.

2025 मध्ये आणखी एक गोष्ट कळली. सरे परगण्यातल्या मार्डन पार्कच्या जंगलात साथीनंतर उगवलेल्या रोपांचा डीएनए जुन्या पिढीपेक्षा थोडा जास्त सहनशील निघाला, तोही हजारो छोट्या बदलांमुळे. कमजोर रोपं मरतात, तगडी उरतात. पण या वेगावर विसंबून राहायला मी तरी तयार नाही. हरणं कोवळी रोपं खातात, आणि नवी झाडंच उगवली नाहीत तर निवड होणार कशातून?

त्यात एकाच तगड्या झाडाच्या कॉप्या काढून लावणंही धोक्याचं, कारण ॲश पोखरणारा एक हिरवा भुंगा रशियातून युक्रेनपर्यंत पोहोचलाय. बुरशीला पुरून उरलेलं झाड भुंग्यालाही पुरून उरेल, याची खात्री नाही.