गळका कार्बुरेटर



ज्याचा जन्म विडी कामगारांच्या सभा घेण्यात गेला, त्याने वसंत व्याख्यानमालेत कार्बुरेटरवर का बोलावे, असा प्रश्न आपणांस पडला असेल. तो रास्त आहे. परंतु आपल्या गोंदिया जिल्ह्यात संघटनेचे काम पायी होत नाही. सकाळी तिरोडा, दुपारी आमगाव, तेंदूपानाच्या हंगामात सालेकसा-दरेकसाकडचे जंगल, हे सारे आम्ही पंचवीस वर्षे एका जुन्या फटफटीवर केले. यंत्रशाळेची पायरी आम्ही चढलो नाही. जे कळते ते मिस्त्र्यांच्या शेजारी उकिडवे बसून आणि मिळतील ती पुस्तके चाळून कळले. आणि त्यातले निम्मे आमच्याच एका चुकीने शिकवले.

ती चूक अशी. एका मे महिन्यात दरेकशाच्या बाजूला एका फळीवर मजुरांशी दराविषयी बोलणे ठरले होते. आदल्या संध्याकाळी गाडीखाली पेट्रोल ठिबकताना दिसले. वाकून पाहिले तो कार्बुरेटरच्या बुडातील बारीक नळीतून थेंब येत होते. आम्ही शहाणपण करून त्या नळीत लाकडाची खुंटी ठोकली. थेंब थांबले, आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी गाडी कशीबशी सुरू झाली, धूर काळा, आवाज जड. आणि सालेकसा ओलांडल्यावर इंजिन तापून जाम झाले. फळीवर पोहोचलो तेव्हा बोलणे आमच्यावाचून उरकले होते, आणि मजुरांनी मुकाट्याने मिळेल तो दर पत्करला होता. आपल्या अडाणीपणाची किंमत दुसऱ्याच्या मजुरीतून कापली गेली, हे आम्ही आजही विसरलो नाही.

खुंटी मारणे चूक का, हे समजण्यास आपल्याकडचे मामा तलाव आठवावेत. प्रत्येक तलावाला जादा पाणी काढून देणारी सलंग असते. सलंगेवरून पाणी वाहते म्हणून कोणी सलंग बुजवीत नाही. बुजवली तर पाळच फुटेल. कार्बुरेटरची ती नळी म्हणजे त्याची सलंग होय. ती वाहते आहे याचा अर्थ इतकाच, की आत येणारे पेट्रोल थांबत नाही. तिचे तोंड बंद केले की तेच पेट्रोल जेटमधून इंजिनाकडे जाते. चार स्ट्रोकच्या गाडीत ते सिलिंडरात शिरून पिस्टनच्या कड्यांवरून खाली ऑईलमध्ये उतरते. ऑईल पातळ झाले की धातूवर धातू घासतो. आमच्या गाडीचे हेच झाले.

आता आत येणारे पेट्रोल थांबते कसे? इंजिन हवा ओढते. कार्बुरेटरचा गळा मध्ये अरुंद असतो, तेथे हवा वेगाने जाते आणि तिचा दाब कमी होतो. त्या कमी दाबाकडे जेटमधून पेट्रोल उसळते आणि हवेत मिसळते. हंगेरीच्या बांकी आणि चोंका यांनी अशा फवाऱ्याच्या कार्बुरेटरचे पेटंट १८९३ साली घेतले. फवारा नीट पडावा तर खालच्या वाटीतील पेट्रोलची पातळी नेहमी तीच राहिली पाहिजे. छतावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो, तसा येथे फ्लोट असतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो, एक अणकुचीदार पिन सीटमध्ये रोवतो आणि वाट बंद होते. गळतीच्या दहांतील बहुतेक तक्रारी या पिनेच्या टोकाशीच निघतात. गंजाचा मोहरीहून लहान कण तेथे अडकला तरी सारी टाकी हळूहळू रिकामी होते.

एक अपवाद आधी सांगतो. परदेशात फटफटीच्या ट्रायल नावाच्या शर्यती होतात. स्कॉटलंडातील सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासूनची आहे. तीत वेगाला मान नाही. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून पाय न टेकता जायचे. पाय टेकला की दंडाचे गुण. अशी गाडी क्षणोक्षणी कलंडते, फ्लोट तिरपा होतो आणि थोडे पेट्रोल सांडते. तो बिघाड नव्हे. आमच्या जंगलवाटांवरही असे घडते. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना गळत असेल तरच दोष समजावा.

तर कृती. इंजिन थंड होऊ द्यावे, गाडी उघड्यावर न्यावी, विडी विझवावी. (विडी कामगारांच्या कार्यकर्त्याने हे सांगावे, हा विनोद आम्हांला ठाऊक आहे, पण वाळलेल्या तेंदूपानांच्या ढिगाजवळ गळकी गाडी उभी पाहिली म्हणजे हसू येत नाही.) कार्बुरेटर फडक्याने पुसून कोरडा करावा आणि ओल प्रथम कोठे येते ते पाहावे. वाटीच्या सांध्यातून आली तर गास्केट, बुडाच्या स्क्रूपाशी आली तर वॉशर, रबरी नळीवर आली तर नळी चिरलेली. सलंगेच्या नळीतून आली तर मात्र आत जावे लागते.

जाण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोनचार हलक्या टिचक्या माराव्या; अडकलेली पिन कधी कधी सुटते. पण हा रस्त्यावरचा उपाय, घरचा नव्हे. घरी कॉक बंद करून वाटी उतरवावी. फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे आणि बुडतो. पितळी फ्लोट गरम पाण्यात धरला की भोकातून बुडबुडे येतात. पाणी दुसरीकडे तापवून आणावे, चुलीजवळ फ्लोट नेऊ नये. प्लास्टिकचा असेल तर सरळ नवा घ्यावा. पिनेच्या टोकावर नखाला लागेल अशी कडी पडली असेल तर पिन आणि सीट दोन्ही बदलावीत. पॉलिश कागदाने घासून टोक सुधारत नाही, बिघडते. फ्लोटच्या जिभेची उंची गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. अंदाजाने वाकवू नये.

जोडण्यापूर्वी कार्बुरेटर उलटा धरून, कोऱ्या नळीच्या तुकड्याने पेट्रोलच्या तोंडात फुंकावे. फ्लोटच्या वजनाने पिन बसलेली असते, म्हणून हवा अडली पाहिजे.

आम्ही एवढे सगळे केले आणि गाडी तिसऱ्या दिवशी पुन्हा गळू लागली. तेव्हा गल्लीतील म्हातारे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, कार्बुरेटर नाही जी बिघडला, टाकी बिघडली." टाकीत हात घातला तर बोटे तांबडी झाली. गंज वरून येत होता, आम्ही खाली पिना बदलत होतो. कामगारांच्या तंट्यांतही आम्ही पुष्कळदा असेच केले आहे, पण तो विषय आजचा नाही.

नव्या पेट्रोलाने या कामात भर घातली आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. तांदळापासूनही इथेनॉल करतात, हे आपल्या भातगिरण्यांच्या जिल्ह्याला सांगावयास नको. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. जुन्या गाड्यांची रबरे त्याने फुगतात, टाकीत गंज चढतो, जस्ताच्या मिश्रधातूच्या वाटीत पांढरी पूड धरते. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या गाड्यांवर बहुतेक ठिकाणी कार्बुरेटरऐवजी इंजेक्टर बसला. परंतु खेड्यांतून धावणाऱ्या जुन्या गाड्या त्या दिवशी भंगारात गेल्या नाहीत. त्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांजवळ ना प्रमाणपत्र, ना निवृत्तिवेतन. त्यांचे हात थकले की ही विद्या कोणाजवळ राहील, याची आम्हांला खरोखर काळजी वाटते.

गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल काढून टाकावे. दुरुस्ती झाल्यावर टाकी धुवावी, नळीत नवी गाळणी घालावी, ऑईलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलावे. मग कॉक उघडा ठेवून, चूल आणि दिवा यांपासून दूर, रात्रभर गाडीखाली जुना कागद पसरावा. सकाळी कागद कोरडा दिसला की मगच किक मारावी.