घरभेदी फायरवॉल

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अडीचशे कोटींपर्यंतच्या दंडाचा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. तेव्हापासून साहेब लोक आयटीवाल्यांना एकच विचारतात : आपल्याकडे फायरवॉल आहे ना? आहे हो. कॅपिटल वनकडेही होती.

या अमेरिकी बँकेचा डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता. मार्च २०१९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या दहा कोटींहून अधिक ग्राहक-अर्जदारांची माहिती तिथून गेली आणि ती गेली फायरवॉलमधूनच. क्लाउडवरच्या सर्व्हरला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर स्वतःची चौकशी करता येते. बाहेरच्याला तो पत्ता गाठता येत नाही. सर्व्हरने तिथे विचारलं की त्याच्या नावाची तात्पुरती किल्ली मिळते. बँकेच्या फायरवॉलची मांडणी चुकली होती, त्यामुळे बाहेरून आलेली विनंती ती निमूटपणे या पत्त्यावर पोचवून उत्तर परत आणून देई. झालं, किल्ली हातात!

इथवरही निभावलं असतं. पण या किल्लीने साठवणुकीच्या बकेटांची यादी निघत होती, आतल्या फाइली वाचता येत होत्या. फायरवॉलला ग्राहकांचे अर्ज वाचायचे कशाला? अशी परवानगी बहुधा कुणीतरी घाईत देतो आणि मग काढून घ्यायचं कुणाच्याच अंगावर नसतं. डेटा एन्क्रिप्ट केलेला होता, पण याच शिरकावातून तो उलगडलाही गेला. बहुतेक सोशल सिक्युरिटी क्रमांक बचावले, कारण त्यांच्या जागी टोकन, म्हणजे बदली चिन्हं, ठेवलेली होती.

बँकेला पत्ता लागला जुलैत, तोही एका तिऱ्हाइताने ईमेल करून कळवलं म्हणून. पुढे नियामकाने आठ कोटी डॉलर दंड केला. ॲमेझॉनने आमची यंत्रणा ठरल्याप्रमाणेच चालली म्हणून हात झटकले, मात्र २०१९च्याच नोव्हेंबरात किल्ली देणाऱ्या त्या पत्त्यासाठी आधी टोकन मागणारी नवी पद्धत आणली. जुनी बंद करायचं काम ग्राहकाच्या गळ्यात राहिलं.

आपल्या नियमांत प्रवेशाच्या नोंदी वर्षभर ठेवा, त्यांची तपासणी करा, असं आहे. फायरवॉलची खरेदी एका सहीत उरकते. परवानग्यांची यादी मात्र कुणीतरी ओळ न् ओळ वाचावी लागते. त्या माणसाचा पगार कुठल्या बजेटात धरलाय, हे साहेबांनी पुढच्या बैठकीत विचारावं.