वादळाचं नाव, लेकीचं नाव

टेंभी नाक्याच्या आमच्या शाळेत आठवीला चक्रीवादळं शिकवताना फळ्यावर ‘नर्गिस’ लिहिलं आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. वर्गात त्याच नावाची मुलगी आहे. मधल्या सुट्टीत ती आली. "टीचर, ते वादळ पुन्हा येणार का?"

नर्गिस मे 2008 मध्ये म्यानमारवर आदळलं. मृत आणि बेपत्ता मिळून सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली. म्हणजे पोरीची भीती उगाच नव्हती.

पण आपल्या समुद्रात एकदा वापरलेलं नाव पुन्हा देत नाहीत. आसपासचे देश आळीपाळीने नावं सुचवतात. 2020 च्या यादीत 13 देशांची 169 नावं आहेत. नर्गिस, लैला, निलोफर, गुलाब ही पाकिस्तानने दिलेली. गुलाबची गंमत उलटीच: सप्टेंबर 2021 मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आलेलं हे वादळ जमिनीवरून अरबी समुद्रात उतरलं आणि तिथे शाहीन झालं.

अटलांटिकमध्ये मात्र दर सहा वर्षांनी तीच यादी फिरते. कतरिना 1981 ला आली, 1999 ला आली. फार कुणाला आठवत नाही. 2005 च्या कतरिनाने न्यू ऑर्लीन्स बुडवलं, तेव्हा कुठे ते नाव यादीतून काढलं.

"नाही येणार," आम्ही तिला सांगितलं. तिच्या दादीने नाव फुलावरून ठेवलंय, हे दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं. निलोफर म्हणजे कमळ, हेही. गुलाब सांगावा लागला नाही.